आधी कडी वाजवा

"ताई, बाळू गेला."

पुण्याहून विलासचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी अंगणात तूरडाळ पसरत होते. पोळा तोंडावर आला होता आणि बऱ्याच दिवसांनी उघडीप मिळाली होती. विलास माझा मावसभाऊ, आणि बाळू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं त्याचं नंतर मलाच नवल वाटलं. ना 'अरे देवा' म्हणाले, ना 'कधी' म्हणून विचारलं. मी म्हणाले, "मनोहर म्हण."  मग "हो... मनोहर. मनोहर गेला गं ताई," म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. मी फोन कानाशी धरून उभी राहिले. डाळीवर चिमण्या उतरल्या, तरी त्यांना हाकलायचं सुचलं नाही. आज त्याला काही आठवडे झाले आहेत. सांत्वनाला येणारे अजूनही 'बाळूचं वाईट झालं' म्हणतात, आणि मी अजूनही प्रत्येकाला नाव दुरुस्त करून देते. लोक वैतागतात. वैतागू देत.

मनोहर म्हणजे माझ्या कमलमावशीचं शेंडेफळ. केळझरला मावशीचं घर, टेकडीवरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. जन्मला तेव्हाच दाईनं त्याचे डोळे पाहून तोंड वळवलं होतं म्हणे. पुढे वर्ध्याच्या डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असं नाव सांगितलं आणि हृदयही नाजूक आहे म्हणाले. फार जगणार नाही, असंही म्हणाले. मावशीनं ते शेवटचं वाक्य तेवढं मनात धरलं. फार जगणारच नाही तर त्याला दुखवायचं कशाला, रागवायचं कशाला, मोठं तरी करायचं कशाला! काका लवकर गेले, विलास शिकून पुण्याला लागला, आणि केळझरच्या त्या घरात मावशी आणि तिचा बाळू एवढेच उरले. त्या काळी अशा मुलांना लोक सरळ 'मंद' म्हणत. आता दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला, पण माणूस समोर बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून बोलायची खोड काही गेली नाही. "बाळू जेवला का?" हे बाळूला कधी कोणी विचारलं नाही, मावशीला विचारलं. उत्तरही मावशीच देत असे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पोळ्याला मोठी माणसं खरे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. नटूनथटून घरोघरी जायचं, बैलाची पूजा करून घ्यायची आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं, घ्यायचा. मनोहरचा लाकडी बैल गावात सगळ्यांत देखणा होता. मावशी दरवर्षी त्याला रंग द्यायची, शिंगांना बेगड लावायची, गळ्यात घुंगरं बांधायची. मग मनोहरला नवा सदरा, टोपी, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. हे तो सहा वर्षांचा असताना ठीक होतं. पण तो वीस वर्षांचा झाला, तिशी ओलांडली, दाढीत पांढरा केस आला, तरी मावशी त्याला काजळ घालून पहिली-दुसरीच्या पोरांच्या रांगेत उभं करत राहिली. उत्तम सजावटीचं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा बहुतेक वर्षी त्यालाच मिळायचा. सगळं गाव कौतुकानं टाळ्या वाजवायचं. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हेच तर त्यातलं कठीण. मला ते मुळीच बघवत नसे. एकदा मावशीला तोंडावर म्हणालेही, "अगं, चाळिशीला आला तो. त्याची दाढी तरी बघ." मावशी बक्षिसाचा डबा कल्हईच्या भांड्यासारखा उलटसुलट न्याहाळत म्हणाली, "तुले काय होते वं? पोट्ट्याईत रमते थो. त्याले काय समजते का दाढीचं!" मनोहर तिथेच उंबऱ्यावर बसून बैलाच्या चाकातला चिखल काडीनं काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

मग मावशीला पहिला झटका आला. वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिची एकच घोकणी सुरू झाली. माह्या मांगं याचं कसं? विलासनं नागपूरजवळची एक निवासी संस्था बघून ठेवली. स्वच्छ होती, सोयी होत्या, आवारात बाग होती. विलास वाईट माणूस नाही, हे मला या लेखात पुन्हा सांगावं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तो भावासाठी खरोखर तळमळत होता. त्याच सुमारास शुभांगी नावाची एक मुलगी आमच्या घरात आली. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या वर्ध्यातल्या एका लहानशा मंडळात ती काम करायची. मी शिक्षिका असतानाची माझीच विद्यार्थिनी. तिला मी बोलावलं होतं ते संस्थेच्या प्रवेशाचं विचारायला. ती केळझरला आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, हे सगळं ठीक आहे. पण मनोहरदादांचं काय म्हणणं आहे?" आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. विलास म्हणाला, "त्याचं म्हणणं म्हणजे?" शुभांगी शांतपणे म्हणाली की ते सज्ञान आहेत, कायद्यानं त्यांना कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क आहे. ठरवायला मदत लागली तर आपण करायची, पण त्यांच्या ऐवजी ठरवायचं नाही. आई गेल्यावर कसं जगायचं याचा बेत त्यांनी स्वतः करायचा, आपण सगळ्यांनी हातभार लावायचा.

तिनं बैठक घ्यायची म्हटलं आणि पाहुणे कोण हेही मनोहरलाच ठरवायला लावलं. त्यानं चुलत्यांना वगळलं, सरपंचाला वगळलं. मला बोलावलं, दादाला, म्हणजे विलासला बोलावलं, आणि शेजारच्या सुखराम उईके आणि मीराबाई या नवरा-बायकोला बोलावलं. सुखरामभाऊंची थोडी शेती आणि बैलजोडी, आणि मीराबाईचं गणपतीच्या पायथ्याशी नारळ-दूर्वांचं दुकान. त्या दुकानात मनोहर सकाळी जाऊन बसायचा आणि दूर्वांच्या जुड्या बांधायचा. जुडीत दूर्वा कधीच नेमक्या भरत नसत. कुणी तक्रार केली तर मीराबाई म्हणायची, "बाप्पा मोजून घेत नाई जी, तुमीच मोजून राह्यले." तर अशी ही आमची सभा पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, भरली. शुभांगीनं जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ भिंतीला लावली, म्हणजे मनोहरला वाचता येत नसल्यानं त्याचं बोलणं चित्रांत काढता येईल. आणि तिनं पहिला प्रश्न त्याला विचारला, "दादा, तुम्हाला काय हवं?"

उत्तर द्यायला सगळ्यांच्या जिभा सरसावल्या. मावशी म्हणाली त्याला टीव्ही हवा. विलास म्हणाला त्याला माणसांत राहायला आवडतं, म्हणून तर संस्था... शुभांगी प्रत्येक वेळी हात वर करायची, "काकू, त्यांना बोलू द्या." मनोहर बोलत नव्हता. त्याची जीभ जड होती, शब्द गोळा करायला वेळ लागायचा, आणि आयुष्यभरात तेवढा वेळ त्याला कुणी दिला नव्हता. चहा निवला. बाहेरून बस गेली. सुखरामभाऊ तंबाखू मळायचे थांबले. मी वर्गात बत्तीस पोरांना गप्प केलंय, पण स्वतः गप्प बसणं एवढं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मग मनोहर म्हणाला, "बाळू नाई." थांबला. "मनोहर."

शुभांगीनं कागदावर मिशीवाला एक माणूस काढला. मनोहरनं तो पाहिला आणि जरा सैल झाला. पुढचं वाक्य त्यानं आईकडे न बघता म्हटलं. "लाकडाचा बैल नको. मले मोठा पोळा पायजे." मावशीचा चेहरा मी विसरू शकत नाही. इतक्या वर्षांचं बेगड, रंग, घुंगरं, सगळं कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतल्यासारखा. "मंग आदी काऊन नाई बोलला रे?" तिनं विचारलं. मनोहर म्हणाला, "तू खूश राहत होती." एवढंच. मावशी पदर तोंडाला लावून बसली. 

तिसरी गोष्ट त्यानं सांगितली ती ऐकून विलासला हसू आलं. "कडी वाजवा," मनोहर म्हणाला. आम्हाला उलगडा होईना. मग त्यानं उठून दाराची कडी वाजवून दाखवली, बाहेर गेला, थांबला, आतून कुणी 'ये' म्हणेपर्यंत आला नाही. आमच्याकडे खेड्यात कडी कोण वाजवतं? लोक हाक मारत मारत सरळ चुलीपर्यंत येतात. तो आंघोळ करून उघडा उभा असला तरी बाया आत यायच्या, 'बाळूच तर हाय' म्हणून. "अरे, पण घरच्यांनी पण?" विलासनं विचारलं. "तू बी," मनोहर म्हणाला. आणि मग शेवटचं, ज्यासाठी ही सगळी सभा होती ते. "मी इथंच राहीन. माय गेल्यावर बी." मावशीनं विचारलं, "तुले भात कोण रांधून देईन रे?" तो मीराबाईकडे वळला, "देशीन का?" मीराबाईनं जराही विचार केला नाही. "देईन ना. पण भांडे तू घासजो." झालं. विलास बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. मी घरातून काढणार नाही त्याला. शब्द देतो." कुलपाची नवीन किल्ली त्यानंच करून आणली. मनोहरनं ती कमरेच्या करगोट्याला ओवली.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सुखरामभाऊंनी बैलांच्या खांद्यांना लावायला हळद आणि लोणी मनोहरच्या हातावर ठेवलं. बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं असतं, तेही त्याच्याकडून देववलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोडीतल्या उजव्या बैलाचा, लाल्याचा, कासरा मनोहरच्या हातात होता. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, डोळ्यांत काजळ नाही. मला वाटलं होतं तो हसेल, नाचेल. तसलं काही नाही. सबंध वेळ तो एखाद्या जबाबदार शेतकऱ्यासारखा कपाळाला आठ्या घालून उभा होता, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पोळ्यात उभ्या असलेल्या माणसासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. जोडी दारात आली तेव्हा मावशीनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली, आणि मग लेकाच्या कपाळाला कुंकू लावलं. पण आई ती आईच. कोपऱ्यात फडक्याखाली लाकडी बैल तिनं रंगवून तयार ठेवला होता, न जाणो त्याचं मन बदललं तर! दुसऱ्या दिवशी मनोहरनं तो स्वतः उचलला आणि सुखरामभाऊंच्या नातीला देऊन आला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मावशी गेली. मनोहरला खांदा द्यायचा होता. नातेवाईक कुजबुजले, याला कशाला, पडेल बिडेल. विलासनंच सगळ्यांना बाजूला सारलं आणि स्वतःच्या शेजारची जागा त्याला दिली. ते मी विसरणार नाही, विलासवर कितीही चिडले तरी. घाटावर चिता पेटल्यावर मनोहर सुखरामभाऊंना म्हणाला, "मले बी इथंच आणजो." सुखरामभाऊ म्हणाले, "चूप बस रे, काई बी बोलते." पण त्यांनी मान हलवली होती.

मग काही वर्षं मनोहर त्याच्या घरात राहिला. 'त्याच्या' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. सकाळी दुकान, दुपारी झोप, संध्याकाळी मीराबाईकडून भाताचा डबा, रात्री भांडी घासून तिच्या ओट्यावर पालथी. दूध दोन-तीनदा उतू गेलं, एकदा हात भाजला, एकदा कुत्र्यानं भाकरी पळवली. असं सगळ्यांच्याच घरी होतं. शुभांगी अधूनमधून यायची, कागदावरची चित्रं तपासायची, नवीन काही हवं का विचारायची. त्यानं रविवारची बस मागितली. आधी मीराबाई सोबत आली, मग ती मागच्या सीटवर बसली, मग आलीच नाही. तो एकटा पवनारवरून वर्ध्याला यायचा, स्टँडवर तर्री-पोहे खायचा आणि माझ्याकडे यायचा. माझ्याकडे बेल आहे. त्यानं बेल कधी दाबली नाही, फाटकाची कडी वाजवायचा आणि मी 'ये' म्हणेपर्यंत उन्हात उभा राहायचा.

गावही हळूहळू शिकलं. आधी टिंगल केली, मग सवय झाली. कडी वाजवली की आतून जड आवाजात "कोन हाय?" यायचं, नाव सांगितलं की "ये". पण कधीकधी तो म्हणायचा, "आता नाई." एकदा मी भर उन्हात वर्ध्याहून गेले, हातात डाळिंबाची पिशवी, कडी वाजवली, नाव सांगितलं. आतून आवाज आला, "आता नाई." मी सपरीत बसून राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. माझा पारा चढलेला. "काय करत होतास?" "बसलो होतो." "नुसता बसला होतास? मग उघडलं काऊन नाई?" तो डाळिंबं घेत म्हणाला, "माह्यं मन." मी चिडायचं ठरवलं होतं पण हसूच आलं. चाळीस वर्षं ज्याच्या अंगावर जग न विचारता चालून आलं, त्याला दार न उघडण्याची चैन करू द्यायला काय हरकत होती?

गेल्या उन्हाळ्यात त्याला धाप लागायला लागली. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना काय होतंय?" मनोहर म्हणाला, "मले इचारा." डॉक्टर ओशाळून हसले आणि त्याला विचारू लागले. हृदय थकलं होतं. औषधं लागली, पायांची सूज उतरली. पण विलास घाबरला. पावसाळ्याच्या तोंडावर तो गाडी घेऊन आला. पुतणीचा वाढदिवस आहे, चार दिवस चल, असं त्यानं मनोहरला सांगितलं. मनोहरनं दाराला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली, मीराबाईला डबा नको म्हणून सांगितलं आणि पुढच्या सीटवर बसून गेला.

चार दिवस झाले, आठवडा झाला, महिना उलटला. मी फोन केला की विलास म्हणायचा, इथे मोठे डॉक्टर आहेत, घरात लिफ्ट आहे, कुणीतरी सतत जवळ असतं. शुभांगीनं फोन करून एकच विचारलं, "त्यांना विचारलंत का?" विलास तिच्यावर उखडला. मग मी केला. रागावले की माझी शाळेची मराठी सुटते आणि केळझरची बाहेर येते. "तू शब्द देल्ला होता विलास. फसवून नेलं त्याले." विलास म्हणाला, "ताई, तिथे एकटा असताना त्याला काही झालं असतं तर? लोकांनी मला विचारलं असतं. मला जगायला हवाय गं तो. हक्काचं तू काय घेऊन बसलीस?" मी म्हणाले, जगणं त्याचं आहे ना? तो म्हणाला, "पोळ्याला आणून सोडतो, बास?" त्याच्या बोलण्यात भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती.  धोका तर होताच. पण तो कुणाच्या घरी नसतो? आपण सगळे आपापल्या घरी कधीतरी एकटेच पडणार आहोत, आणि तरी आपल्याला कुणी गाडीत घालून नेत नाही.

त्यानंतर विलासच्या मुलीनं मला व्हिडिओ कॉल लावून दिला. मनोहर पलंगावर बसला होता, अंगात छान इस्त्रीचा सदरा. मागे पांढरंशुभ्र दार. तो आतून अडकून पडेल म्हणून त्याची कडी काढून टाकली होती, हे मला नंतर समजलं. त्यानं दूर्वांचं विचारलं, लाल्याचं विचारलं. मग फोन अगदी तोंडाजवळ घेतला, नुसते ओठ दिसायला लागले. "ताई... इथं दार हाय. कडी नाई." मी म्हणाले, "पोळ्याला येशील ना." तो म्हणाला, "दादाले सांगजो." "सांगते," मी म्हणाले.  तेवढ्यात त्याच्यामागचं दार उघडून कुणीतरी दूध घेऊन आत आलं आणि फोन बंद झाला. मी विलासला सांगितलं, त्यानं पुन्हा 'हो' म्हटलं.

आणि मग तो फोन. सकाळी विलासची बायको चहा घेऊन आत गेली तेव्हा तो झोपेतच गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, कुठेही असता तरी झालंच असतं. विलासनं मला हे तीनतीनदा ऐकवलं. मी त्याला एवढंच म्हणाले, कुठेही होणारच होतं, तर त्याच्या घरी झालं असतं. 

अंत्यसंस्कार पुण्यातच उरकले, विद्युतदाहिनीत. इतक्या लांब आणणं शक्य नव्हतं, असं सगळ्यांनी ठरवलं. विलास अस्थी घेऊन आला. आम्ही पवनारला धाम नदीवर उभे होतो तेव्हा सुखरामभाऊ पुढे झाले. मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, त्यानं मले सांगतलं होतं. इथंच आणजो म्हने. म्या मान हालवली होती. आता मी काय करू?"  विलासनं मडकं त्यांच्यापुढे धरलं. सुखरामभाऊंनी त्यातल्या थोड्या अस्थी फडक्यात बांधून घेतल्या आणि केळझरच्या घाटावर, मावशीला जिथे अग्नी दिला तिथल्या मातीत पुरल्या. या वर्षीच्या पोळ्यात दोन्ही बैलांचे कासरे त्यांच्याच हातात होते. दुसऱ्या कुणी मागितला, तर त्यांनी दिला नाही म्हणे.

अस्थी पुरल्या त्या दिवशी घाटावरून आम्ही घराकडे आलो. घर विकायचं की ठेवायचं ते विलासनं ठरवलेलं नाही, पण आतलं सामान तरी बघू म्हणाला. सपरीत पालापाचोळा साचला होता. मीराबाईच्या ओट्यावर मनोहरचा डबा पालथा दिसत होता. विलासनं खिशातून किल्ली काढली. अजून ती करगोट्याच्या काळ्या दोऱ्यातच होती, कापलेल्या दोऱ्यात. कुलूप हातात घेऊन तो किल्ली लावणार, तोच थांबला. कुलूप सोडून दिलं. कडी धरली आणि वाजवली. एकदा, मग जरा जोरात पुन्हा. "मनोहर," तो म्हणाला, "मी दादा."

आतून कुणी 'आता नाई' म्हणालं नाही. 'ये' असंही कुणी म्हणालं नाही. आम्ही दोघं किल्ली हातात घेऊन सपरीत उभे राहिलो, संध्याकाळची वर्ध्याची बस निघून गेली, तरी आत गेलो नाही.